आधी कोंदण, मग हिरा

साखरपुड्यात मुलाने मुलीच्या बोटात हिऱ्याची अंगठी सरकवावी, हा शिरस्ता आपल्या मध्यमवर्गात अलीकडचा असूनही तो जणू गृह्यसूत्रांत नमूद असावा अशा थाटात वावरत असतो. वाङ्निश्चयाच्या दिवशी वरपक्षाने साडी, हळदकुंकू, साखरेचा पुडा आणि ऐपत असल्यास एखादा सोन्याचा डाग घेऊन यावे, आणि वधूपित्याने जावयाच्या अंगठीची तजवीज करावी, एवढ्यावर आमच्या आजोबांच्या पिढीचे निभावत असे. हिरा घरात असलाच तर तो आजीच्या कुड्यांत किंवा नाकातल्या चमकीत असे, बोटात क्वचितच. आज ही स्थिती पालटली आहे. ज्या ठाकुर्लीची ओळख एके काळी जी. आय. पी. रेल्वेने १९२९ साली उभारलेल्या चोळ्याच्या वीजघरामुळे होती आणि जिथे आजही जलद लोकल थांबत नाही, त्या ठाकुर्लीत नव्वद फुटी रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीत लग्न ठरले, की सभागृह, जेवणाची पाने आणि छायाचित्रकार यांच्या जोडीला ‘रिंग’ हा जमाखर्चाचा एक स्वतंत्र रकाना उघडला जातो, आणि घराच्या कर्जाचा हप्ता ज्याच्या पगारातून दरमहा परस्पर वळता होतो अशा मुलाला हा रकाना भरताना घाम फुटतो.

या प्रथेला माझा विरोध नाही. हौसेला मोल नसते, आणि दोन तरुण माणसांनी आपल्या निश्चयाची एक खूण बोटात वागवावी यात गैर ते काय? परंतु मर्यादित पैशांत ती खूण घ्यावयाची तर तो पैसा कोणत्या क्रमाने खर्च करावा, याविषयी मात्र आपल्याकडे विचारच होत नाही. पहिल्याने हिऱ्याचे वजन ठरते, मग त्याची प्रत ठरते, आणि उरल्यासुरल्या रकमेत जे बसेल ते कोंदण पदरात पडते. माझे म्हणणे असे, की ज्याच्या पैशाला मर्यादा आहे त्याने हा क्रम उलटा करावा: ज्या हातात अंगठी जावयाची तो हात दिवसभर काय करतो हे पाहून आधी कोंदण ठरवावे, त्यावर हात आखडू नये, आणि त्यातून जी रक्कम शिल्लक राहील तिच्यात बसेल तेवढा हिरा घ्यावा.

वजनाचा हा सोस आपला नव्हे. तो आपल्याला शिकवलेला आहे. ‘हिरा चिरंतन असतो’ या आशयाचे जे सुप्रसिद्ध इंग्रजी घोषवाक्य आहे ते फ्रान्सिस गेरेटी नावाच्या एका जाहिरातलेखिकेने १९४७ साली डी बिअर्स कंपनीसाठी लिहिले, आणि अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्च करावा हा जो दंडक पुढे अमेरिकेत रूढ झाला तोही त्याच कंपनीच्या जाहिरातींतून निघाला. विकणाऱ्याने ठरवलेला हा दर खरेदीदाराने धर्माज्ञेसारखा पाळावा, याचे आश्चर्य वाटते.

डोंबिवलीच्या फडके रस्त्यावरच्या किंवा ठाण्याच्या गोखले रस्त्यावरच्या पेढीत शिरलात, की पहिला प्रश्न येतो, “किती सेंटचा दाखवू?” शंभर सेंटांचा एक कॅरट आणि एक कॅरट म्हणजे दोनशे मिलिग्रॅम, हा हिशेब ध्यानात घेतला, तर ज्या तीस सेंटांच्या खड्यावरून दोन घराण्यांत आठ-आठ दिवस खल चालतो, त्याचे वजन साठ मिलिग्रॅम भरते. तीस सेंटांचा उत्तम पैलूंचा गोल हिरा वरून मोजला तर सुमारे ४.३ मिलिमीटर असतो, आणि पन्नास सेंटांचा ५.१, म्हणजे व्यासातला फरक पुरता एक मिलिमीटरही नाही. किमतीतला फरक मात्र वजनाच्या प्रमाणातच राहत नाही, कारण हिऱ्याचा दर कॅरटमागे ठरतो आणि तो दरच मुळी पन्नास, सत्तर, शंभर अशा आकड्यांपाशी पायरीसारखा वर चढतो. म्हणून सेहेचाळीस-सत्तेचाळीस सेंटांचा हिरा मागावा. पन्नासाच्या पायरीखाली राहिल्याने वाचणारी रक्कम खरी असते आणि जाणारा आकार कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

वजनाच्या मोहाला उतारा म्हणून आपल्याच नाशिकच्या हिऱ्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी ज्याचे नाव जोडलेले आहे असा हा ‘नासक’ हिरा १८१८ साली पेशवाईच्या अस्ताबरोबर कंपनी सरकारच्या हाती पडला आणि लंडनच्या बाजारात गेला. त्या वेळी तो सुमारे नव्वद कॅरटांचा होता. पुढे हॅरी विन्स्टन या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याने १९४० साली त्याला नव्याने पैलू पाडले, तेव्हा तो ४३.३८ कॅरटांवर आला. ज्याला हिरा कळत होता त्याने तेजासाठी आणि घाटासाठी एवढे वजन घासून टाकले. आपण मात्र आकड्यासाठी पैलूंकडे काणाडोळा करतो. प्रमाणपत्रावरच्या रंग, शुद्धता, वजन आणि पैलू या चार रकान्यांपैकी तडजोड करू नये असा रकाना एकच, आणि तो पैलूंचा.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे कोंदणाकडे वळू. बावीस कॅरटांच्या सोन्याची आपल्याला इतकी सवय झालेली आहे, की अठरा किंवा चौदा कॅरटांची अंगठी म्हटली की घरातली वडील माणसे नाक मुरडतात, आणि त्यामागे एक इतिहासही आहे. जानेवारी १९६३ मध्ये, चीनच्या आक्रमणानंतरच्या त्या ओढगस्तीच्या दिवसांत, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी करून चौदा कॅरटांहून अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यास मनाई केली, कित्येक सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या, आणि सरकारने माथी मारलेले ते सोने लोकांच्या मनातून कायमचे उतरले. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदाही अखेर १९९० मध्ये रद्द झाला. परंतु दैवगती अशी, की सरकारी हुकमाने जे साधले नाही ते हिऱ्याने साधले! बावीस कॅरटांचे सोने मऊ असते. बारीक काट्यांनी खडा धरून ठेवण्याचे काम त्याच्याकडून होत नाही, काटे वाकतात आणि खडा निसटतो. म्हणून हिऱ्याच्या अंगठीला पंचाहत्तर टक्के सोन्याचे अठरा कॅरट किंवा साडेअठ्ठावन्न टक्क्यांचे चौदा कॅरटच योग्य, आणि पैशाची ओढ असेल तर चौदा कॅरट घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. काटे धरण्याच्या कामी ते अठराहून कणखरच ठरते.

रंगाच्या बाबतीत आपल्या आवडीचे पिवळे सोने हेच खिशाच्याही सोयीचे आहे, हा योग दुर्मिळ म्हटला पाहिजे. हिऱ्याच्या रंगाची प्रतवारी ‘डी’ या अक्षरापासून सुरू होते आणि जसजसे पुढे जावे तसतशी पिवळसर झाक वाढत जाते. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये ही झाक उघडी पडते, म्हणून तिथे वरची, महाग प्रत घेणे भाग पडते. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात मात्र ‘आय’ किंवा ‘जे’ रंगाचा खडाही निर्मळ दिसतो, कारण त्याच्या अंगची पिवळी छटा भोवतालच्या सोन्याची म्हणून खपून जाते. शिवाय पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा मुलामा असतो, तो झिजतो आणि काही काळाने पुन्हा चढवावा लागतो. हा आवर्ती खर्च विक्रेता आपण होऊन सांगत नाही. शुद्धतेचेही तसेच. ‘व्हीव्हीएस’ प्रतीचे जे कौतुक आपल्या बाजारात चालते त्या प्रतीतले आणि तिच्या खालच्या प्रतीतले दोष दहापट मोठे करून दाखवणाऱ्या भिंगातूनच कळतात, आणि सासरची मंडळी भिंग घेऊन येत नाहीत.

कोंदणाचे प्रकार पुष्कळ आहेत. सर्वांची यादी देण्याचे प्रयोजन नाही. सर्वांत प्रचलित ते उघडे, काट्यांचे, दुकानी भाषेत ‘प्रॉंग’ कोंदण. त्यातही खडा पट्टीच्या बराच वर उचलून सहा काट्यांत धरण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने १८८६ साली आणली आणि साऱ्या जगाने उचलली. दिसावयास ते खरोखर देखणे. परंतु ज्या मुलीला सकाळी ठाकुर्लीच्या फलाटावरून, कल्याणहूनच भरून आलेल्या धीम्या लोकलच्या महिला डब्यात शिरावयाचे आहे, दाराजवळचा खांब पकडावयाचा आहे, गर्दीतून पर्स ओढून घ्यावयाची आहे, तिच्या हातात हे उंच कोंदण म्हणजे ओढण्या, स्वेटर आणि शेजारणीचे केस यांत अडकणारा एक गळच असतो. एखादा काटा एकदा किंचित उचलला गेला की पुढच्या वेळी तो अधिक अडकतो, आणि काटे चारच असतील तर एक गेला की उरलेल्या तिघांच्या भरवशावर हिरा फार दिवस टिकत नाही. काट्यांचेच कोंदण हवे असेल तर ते बुटके असावे, आणि रुमालाची किनार त्यावरून हलकेच फिरवून एखादा धागा अडकतो का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

हे काटे बसवण्याचे काम ज्याने जवळून पाहिले आहे त्याला माझे म्हणणे अधिक पटेल. कारागीर अंगठी लाकडी दांडीवरच्या लाखेत घट्ट रुतवतो, प्रत्येक काट्याच्या आतल्या अंगाला हिऱ्याच्या कडेएवढीच बारीक खाच कोरतो, खडा त्या खाचांत समपातळीत टेकवतो, आणि मग एक काटा इकडचा, एक समोरचा, असा समतोल राखीत त्यांना खड्यावर दाबीत जातो. शेवटी प्रत्येक टोक घासून गुळगुळीत करतो. खाच अधिक खोल गेली तर काटा कमजोर, कमी गेली तर खडा डळमळीत. या साऱ्या कौशल्याची मजुरी आपण ‘घडणावळ जास्त लावता’ म्हणून घासाघीस करून कमी करून घेतो, आणि हिऱ्याच्या दहा सेंटांसाठी त्याच्या कितीतरी पट रक्कम विनातक्रार मोजतो.

माझी पसंती बंद कोंदणाला, ज्याला दुकानदार ‘बेझल’ म्हणतात त्याला आहे. यात खड्याच्या सभोवार सोन्याची सलग कड असते; अडकण्यास काही नाही, हिऱ्याची धार सुरक्षित, आणि पिवळ्या सोन्याची ती कड खड्याला आहे त्याहून किंचित मोठा भासवते. याला सोने जरा अधिक लागते हे खरे, पण अडीअडचणीला अंगठी मोडण्याची पाळी आलीच तर सोन्याचे मोल त्या दिवसाच्या भावाने बरेचसे परत मिळते, हिऱ्याचे तसे मिळत नाही. तेव्हा सोन्यात गेलेला पैसा गेला असे म्हणता येत नाही. बंद कोंदणात हिऱ्याचे तेज कोंडते हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो फारसा खरा नाही. नीट पैलू पाडलेल्या हिऱ्यात प्रकाश वरून शिरतो, खालच्या पैलूंवर आतल्या आत परावर्तित होतो आणि वरूनच बाहेर पडतो. बाजूच्या कडेने त्यात मोठा अडथळा येत नाही.

तेज खरोखर घालवते ते स्निग्धपण. पाणी हिऱ्याला धरत नाही, पण तेलतूप धरते. किंबहुना हा गुण इतका पक्का, की दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणीत चुरलेला दगड पाण्याबरोबर चरबी फासलेल्या टेबलांवरून वाहू देत आणि हिरे तेवढे चरबीला चिकटून मागे राहत. तोच गुण आपल्या स्वयंपाकघरात उलटतो. कणीक मळून, थालीपीठ थापून, फोडणी देऊन झाली की खड्याच्या पाठीवर तेलाचा पातळ थर बसतो, त्यावर पीठ बसते, आणि आतल्या परावर्तनाचा बोजवारा उडून लाखाचा हिरा काचेसारखा मंद दिसू लागतो. म्हणून कोंदण बंद असले तरी त्याची पाठ मोकळी असावी, मऊ ब्रश आत पोहोचावा. कोमट पाण्यात कालवलेला रिठा आणि जुना दात घासण्याचा ब्रश एवढ्या सामग्रीने, मोरीच्या जाळीवर फडके अंथरून, हे काम घरी होते.

खड्याभोवती बारीक हिऱ्यांची प्रभावळ रचण्याचा जो प्रकार सध्या फार लोकप्रिय आहे, त्याच्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. “ताई, हा बघा, लांबून अर्ध्या कॅरटचा वाटतो,” हे विक्रेत्याचे वाक्य खोटे नसते. पंचवीस-तीस सेंटांचा खडा प्रभावळीत खरोखरच भरदार दिसतो. पण एकेका सेंटाच्या त्या बारीक खड्यांना धरणारे सोन्याचे कण केसाएवढे असतात, पीठ नेमके त्यांच्याच फटींत बसते, वर्षा-दोन वर्षांत एखादा खडा गळतो, आणि परतीच्या वेळी या बारीक खड्यांची किंमत किती धरली जाईल हे बिलावर स्पष्ट लिहिलेले नसते. अंगठीच्या पूर्ण पट्टीभर खडे असतील तर तीत आणखी एक अडचण: बोट जाड झाले, आणि लग्नानंतरच्या वर्षांत ते होतेच, तर अशी अंगठी वाढवता येत नाही. साधी, सलग पट्टी सोनार कापून, डाग लावून मोठी करून देतो.

ज्यांना थोडक्यात मोठे दिसणारे काही हवेच आहे त्यांच्यासाठी आपल्याच घरातला जुना तोडगा बरा. आमच्या आज्यांच्या सात हिऱ्यांच्या कुड्या काय होत्या? मध्ये एक आणि भोवती सहा, असे लहान हिरे एकमेकांस भिडवून एकच फूल उमलल्याचा आभास. आजच्या बाजारात ‘प्रेशर सेटिंग’ या नावाने जे विकले जाते ते तत्त्वतः याच जातीचे: लहान खडे घट्ट दाबून बसवायचे, म्हणजे लांबून एकसंध मोठा हिरा वाटतो, आणि लहान खड्यांचा कॅरटमागचा दर कमी असल्याने किंमत बरीच खाली येते. मात्र यातला एक खडा निखळला तर तो घरच्या सोनाराला बसवता येईल की अंगठी कारखान्यात पाठवावी लागेल, हे आधी विचारावे. लहानशा खड्याखाली चकचकीत पैलूदार पांढऱ्या सोन्याची ताटली ठेवून त्यालाच हिरा भासवण्याचा जो प्रकार आहे, तो मला अगदीच नापसंत आहे. दुकानाच्या दिव्यांखाली त्याने डोळे दिपतात आणि घरी खिडकीपाशी आणले की कोठे खडा संपतो आणि कोठे पत्रा सुरू होतो ते उघड दिसते.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचा प्रश्न आता टाळता येत नाही. तो हिरा खराच असतो, कार्बनच असतो. १९५५ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने कृत्रिम हिरा तयार केल्याचे जाहीर केले तेव्हा तो कारखान्यातल्या हत्यारांपुरता होता, आज सुरतेत तो दागिन्यांसाठी पिकतो, आणि २०२३ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात त्याच्या संशोधनासाठी एका आय.आय.टी.ला अनुदानही जाहीर झाले. खाणीतल्या हिऱ्याच्या मानाने तो फारच स्वस्त पडतो आणि त्याचा भाव वर्षानुवर्षे घसरतच आला आहे, म्हणून ठेव म्हणून त्याच्याकडे पाहू नये. ज्याला हे कबूल आहे त्याने तो खुशाल घ्यावा. पण स्वस्त मिळतो म्हणून दोन कॅरटांचा घेऊ नये, वाचलेली रक्कम भक्कम कोंदणात घालावी. घरातल्या एखाद्या काकूने ‘खरा ना गं?’ असे विचारलेच, तर उत्तर सरळ द्यावे आणि लपवाछपवी करू नये. बिलावरही ‘प्रयोगशाळेत वाढवलेला’ असा स्पष्ट उल्लेख हवा.

बिलाचे बोलणे निघालेच आहे तर दोन शब्द त्याविषयी. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असावा लागतो, आणि तो मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर घालून सोन्याची प्रत पडताळता येते. अठरा कॅरटांच्या अंगठीवर ‘७५०’ आणि चौदाच्या अंगठीवर ‘५८५’ हा आकडा दिसला पाहिजे. दोन ग्रॅमांहून हलक्या जिनसाला हॉलमार्कची सक्ती नाही. स्वस्त म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कित्येक नाजूक अंगठ्या नेमक्या या सवलतीत बसतात, आणि मोठा हिरा बसवण्यासाठी सोन्यात जी काटकसर केली जाते तिचा शेवट बहुधा अशाच, वर्षभरात वाकणाऱ्या पट्टीत होतो. तीन ग्रॅमांच्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे. सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे वजन, घडणावळ आणि ३ टक्के वस्तू व सेवा कर हे चार आकडे बिलावर वेगवेगळे मागावेत, कारण एकत्रित आकड्यात हिऱ्याचे वजन सोन्यात मोजले जाण्याची मुभा विक्रेत्याला मिळते.

अंगठी पसंत पडली की ती घेऊन दुकानाच्या दारापाशी, दिव्यांपासून दूर, उन्हात नव्हे तर सावलीत उभे राहावे आणि पुन्हा एकदा पाहावी. नंतर कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारावी, खडा खुळखुळत असेल तर तेथेच कळते. शेवटी मालकाला एवढेच विचारावे, की दर सहा महिन्यांनी काटे आणि कड तपासून घट्ट करून देण्याचे तुम्ही काय घ्याल, आणि खडा पडला तर जबाबदारी कोणाची. आणि त्याने याचे उत्तर लेखी देण्यास टाळाटाळ केली तर अंगठी तेथेच ठेवून उठावे. फडके रस्त्यावर सराफांचा तुटवडा नाही.